माथा ते पायथा: सचिवाच्या वहीतल्या नोंदी (फेब्रुवारी ते जून २०२५)

९ फेब्रुवारी, रविवार

पाणी समिती झाली आज. सचिव मी, कारण काय तर वहिनीचं अक्षर चांगलंय. अध्यक्ष आबा, माजी सरपंच, माईक त्यांच्याशिवाय कुणाच्या हातात शोभत नाही असं गावाचं मत आहे आणि खरं सांगायचं तर माझंही तेच आहे.

काम असं ठरलं: वर डोंगराला गायरानाच्या उतारावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब चर), त्याखाली ओघळींना दगडी बांध, मग शेतांची बांधबंदिस्ती आणि सगळ्यात शेवटी नाला. माथा ते पायथा. आमच्या माण तालुक्यात हे शेंबड्या पोरालाही पाठ आहे, २०१८ ला इथल्याच टाकेवाडीनं पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेचा वॉटर कप राज्यात पहिला आणला तेव्हापासून तर जास्तच. त्या वर्षी आमचं गावही स्पर्धेत होतं, पंचेचाळीस दिवसांतले सुरुवातीचे काही दिवस दणक्यात गेले, ढोल काय, सेल्फी काय, आणि मग जी पांगापांग झाली ती झाली. यंदा स्पर्धा नाही, बक्षीस नाही, टीव्हीवाले तर नाहीतच, त्यामुळं माणसं का येतील हाच पहिला प्रश्न आणि त्यावर सभेत कुणीच बोललं नाही.

ठरावाची वही पंचायतीत राहील. ही माझी वेगळी. मागच्या महिन्यात तालुक्याला ट्रेनिंग झालं त्यात 'तुमची नेतृत्वशैली ओळखा' असा कागद भरून घेतला होता, प्रश्नांना मार्क द्यायचे आणि चार खणांपैकी एकात जाऊन बसायचं: सांगणारा, पटवणारा, सहभागी करून घेणारा, सोपवणारा. हर्सी आणि ब्लँचर्ड नावाच्या दोन अमेरिकन लोकांनी १९६९ ला मांडलेलं आहे म्हणे ते. मी 'सहभागी' निघाले. माझ्या टेबलावरच्या सगळ्याच सहभागी निघाल्या! 'मी सर्वांचं मत विचारून निर्णय घेते' यावर नाही म्हणून खूण कोण करणार हो? म्हणून त्या कागदावर माझा काडीचा विश्वास नाही. काम चालू असताना माणूस कसा वागतो ते बघावं. तर इथं रोज एकच गोष्ट नेमानं लिहायची: मला कोण काय विचारायला आलं.

१६ फेब्रुवारी

ए-फ्रेम शिकलो आज शाळेच्या मैदानात. सुताराकडनं दोन सारख्या काठ्या, मधे आडवी पट्टी, वरच्या टोकाला दोरी आणि दोरीला दगड. सोपं दिसतं पण पट्टीवर मधली खूण चुकली की पूर्ण डोंगर चुकला. खूण करायची रीत अशी की दोन्ही पाय दोन ठिकाणी टेकवायचे, दोरी पट्टीला जिथं लागते तिथं पेन्सिलीनं रेघ, मग फ्रेम उलटी फिरवून पायांची अदलाबदल करायची, परत रेघ. दोन रेघांच्या बरोब्बर मधोमध जी जागा ती सपाटीची खूण. त्यानंतर उतारावर एक पाय जागेवर ठेवून दुसरा वर-खाली सरकवायचा, दोरी खुणेवर थांबली की तिथं फक्की (आखायची पांढरी पूड) टाकायची आणि पुढं. बाया पटकन शिकल्या. आमच्या गटातल्या अक्का, वय सत्तरीला टेकलेलं, लिहिता येत नाही, त्यांनी दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा फ्रेम माझ्या हातातनं काढूनच घेतली. "दगूड हलतुया तवर बगू नगं, थांबू दे की त्येला."

तरुण मंडळाचं पोरगं एक मोबाईल ॲपवर लेव्हल दाखवत होतं, अक्कांनी त्याच्या फोनकडं बघितलंसुद्धा नाही.

मला विचारलेले प्रश्न: फक्की कुणी आणायची. चहाचं कोण बघणार. फोटो ग्रुपवर टाकू का. उद्या किती वाजता. हे मी घेऊन जाऊ का घरी (ए-फ्रेम).

२ मार्च

श्रमदान सुरू. सकाळी सहा ते आठ. पहिल्या दिवशी शंभरावर माणूस, आबांनी नारळ फोडला, भाषण छान झालं, मनापासून सांगते छान झालं, त्यांच्या आवाजात ती जादू आहे, लोकांच्या अंगावर काटा येतो. आबांची ती शैली. माणूस एका जागी गोळा करावा तर त्यांनीच. पण आठ वाजता ते गेले आणि टिकाव-फावडी तशीच उतारावर पडलेली, ती गोळा करायला मी, फौजीकाका आणि शाळेतली दोन पोरं.

फौजीकाका म्हणजे रिटायर हवालदार. त्यांनी लगेच मला सुचवलं की हजेरी घ्या, दोन रांगा करा, उशिरा येईल त्याला परत पाठवा. मी म्हटलं काका, फुकट कामाला आलेल्या माणसाला परत पाठवलं तर तो उद्या उशिरासुद्धा येणार नाही. ते म्हणाले शिस्त नसली तर काम नाही. दोघांचंही खरं असू शकतं. त्यांच्याकडं हत्यारं दिली: मोजून द्यायची, मोजून घ्यायची, दांडा मोडला तर बसवून आणायचा. त्यावर ते खूश आणि मीही, कारण त्यानंतर एकही फावडं हरवलं नाही.

१५ मार्च

होळी, धुळवड झाली. माणसं घटून तिसावर आली. हे होणारच होतं.

आज जरा सविस्तर लिहिते कारण इथं काहीतरी हाताला लागलंय असं वाटतंय. माणसं कमी झाल्यावर आबा म्हणाले दवंडी द्या, परत मोठी सभा घ्या, तहसीलदारांना बोलवा. मंडळाची पोरं म्हणाली रील करू. मी काय केलं तर संध्याकाळी गटांच्या बैठकांना गेले. आमच्या गावात उमेदचे, म्हणजे त्या सरकारी अभियानातले, बायकांचे जे बचत गट आहेत त्यांची दर आठवड्याला बैठक होते, बचत, कर्ज, परतफेड, वही, ठरलेलं. त्या बैठकीत कोण येत नाही आणि का येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, कुणाची सून बाळंतीण आहे, कुणाकडं कांद्याची काढणी आहे, कुणाच्या नवऱ्याला डोंगरावर बायको नेऊन उभी करणं कमीपणाचं वाटतं. तिथंच बसून वस्तीवार वाटे पाडले. माळावरची वस्ती सोमवार-मंगळवार, गावठाण बुध-गुरु, धनगर वस्तीला मेंढरं सुटायच्या आधी पहाटे, असं. चराची लांबीसुद्धा वाटून दिली, खुंट्या मारून. म्हणजे 'गाव' येत नाही ही तक्रारच उरली नाही. गाव कधी येतच नसतं, येतो तो अमक्याचा वाटा.

आणि हे मी माईकवर एक शब्द न बोलता केलं. मला सभेत बोलता येत नाही असं नाही, आवाज थरथरतो एवढंच. पण बैठकीत, चुलीपुढं, डेअरीच्या रांगेत मी कुणालाही काहीही पटवू शकते. ही शैली म्हणायची का सवय, ते ठाऊक नाही.

प्रश्न: आमचा वाटा कुठनं कुठपर्यंत. शेजारच्या वस्तीला मऊ माती आणि आम्हाला मुरूम का. (हा वाजवी प्रश्न आहे, उद्या खुंट्या बदलायच्या.) आजारी असलं तर बदली चालेल का.

२३ मार्च

हिवरे बाजारला जाऊन आलो, दोन जीप. नगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातलं पाण्याच्या कामासाठी नावाजलेलं गाव, सगळ्यांना माहीतच आहे. पोपटराव पवार १९८९ ला तिथं सरपंच झाले तेव्हापासूनचं काम. पंचसूत्री भिंतीवर लिहिलेली: नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी, श्रमदान. लोक बंधारे बघत होते, मी दुसरंच बघत होते, की शेतीसाठी बोअर मारायचा नाही हा नियम इतकी वर्षं माणसं पाळतात कशी. तिथं पाऊस मोजून दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरतात. हिशोब फळ्यावर असला की भांडण माणसाशी होत नाही, आकड्याशी होतं. मला हे फार आवडलं कारण हे वहीवाल्या माणसाचं नेतृत्व आहे.

येताना गाडीत वाद झाला. फौजीकाका म्हणाले राळेगणसारखं पाहिजे, अण्णा हजारेंनी १९७५ नंतर जरब बसवली म्हणून गाव सुधारलं. दारू पिणाऱ्यांना तिथं खांबाला बांधून मारत होते हे काही लपलेलं नाही. अक्का म्हणाल्या "आपल्या गावात खांब पुरायचं न्हाईत." सगळे हसले, विषय संपला. पण मला वाटतं काकांचा मुद्दा पूर्ण टाकाऊ नव्हता. काही ठिकाणी लवकर हुकूम लागतो. कुठं, ते आधी ठरलेलं पाहिजे.

६ एप्रिल, रामनवमी

रोहयोचं, म्हणजे रोजगार हमीचं, मस्टर (हजेरीपट) सुरू झालं दगडी बांधांसाठी. रोजची मजुरी एक एप्रिलपासून २९७ ची ३१२ रुपये झालीय. दिवसातनं दोनदा फोटो काढून ॲपवर हजेरी, रेंजसाठी ग्रामरोजगार सेवक दगडावर चढून उभा. आता एकाच डोंगरावर एकीकडं पैसे घेऊन काम आणि पलीकडं फुकट काम, यात कुरबुर होणार हे उघड होतं, आणि झाली. त्यावर तोडगा मी नाही काढला. ज्या बायका मस्टरवर होत्या त्यांनीच ठरवलं की सकाळचे दोन तास श्रमदान आपणही करायचं, मस्टर त्यानंतर. मला फक्त येऊन सांगितलं. वहीत टिपून ठेवते कारण प्रश्नांच्या यादीत आज पहिल्यांदा प्रश्न नाहीये, निरोप आहे.

१४ एप्रिल

सकाळी जयंतीची मिरवणूक, काम बंद.

दुपारी तिढ्याचं. ओघळीचा तिसरा बांध जिथं येतो तिथं एका बागायतदाराचं रान लागतं. तो म्हणतो पाणी तुंबून माझ्या डाळिंबात शिरेल, बांध घालू देणार नाही. आबांनी त्याला सभेत गावद्रोही वगैरे म्हटल्यावर तर तो जास्तच आडला. कुणीही आडेल. मी त्याच्याकडं गेलेच नाही. त्याची आई म्हणजे आमच्या अक्का. त्यांना घेऊन ओघळीत गेले, ए-फ्रेम लावली, बांधाची उंची कुठपर्यंत आणि त्याच्या शेताची कड कुठं ते फक्कीनं आखून दाखवलं. अक्का स्वतः उभ्या राहिल्या कडेला, पायाखाली फक्की, पाणी त्यांच्या गुडघ्याएवढं खाली राहतंय हे डोळ्यांनी दिसलं. तरी सांडवा (जादा पाणी बाहेर पडायची वाट) त्याच्या शेतापासून लांबच्या बाजूला काढायचा ठरलं. संध्याकाळी पोरगा आला, म्हणाला सांडव्याचे दगड मोठे घाला. झालं.

रात्री समितीतली सगळ्यात लहान मेंबर, बीएस्सीला आहे, ती म्हणाली, "ताई, तुमचं सगळं आधीच घरात ठरलेलं असतं, मग सभा घेता कशाला?" मला झोंबलं, पण उत्तर लगेच सुचलं आणि ते मला आत्ता लिहितानाही बरोबर वाटतं: त्या माणसाला चारचौघांत माघार घ्यायला लावली असती तर त्यानं घेतली नसती, घरात घेतली. बाई, मान राखणं हेसुद्धा काम आहे. ती म्हणाली ते बरोबर, पण ज्याची आई गटात नाही त्याचं काय? यावर मी चहा ठेवायला उठले. हा तिचा प्रश्न यादीत लाल पेनानं.

२७ एप्रिल

माहेरी लग्न होतं, मधले दिवस गावात नव्हते. जाताना कुणालाही चार्ज दिला नाही, मुद्दाम. फोनही फारसा उचलला नाही (लग्नघरात कोण उचलतं).

हे मुद्दाम का ते सांगते. ट्रेनिंगमध्ये त्या चार खणांच्या आधी एक प्रयोग सांगितला होता, मला तो खणांपेक्षा कितीतरी जास्त लक्षात राहिला. १९३९ ला अमेरिकेत आयोवा इथं कर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांच्या आसपासच्या पोरांचे छोटे क्लब केले, मुखवटे बनवायचं वगैरे काम दिलं. काही क्लबांना हुकूम सोडणारा मोठा माणूस, काहींना विचारून चालणारा, काहींना नुसता बसून राहणारा. हुकमाच्या क्लबात काम कमी होत नव्हतं, उलट जोरात व्हायचं, पण तो माणूस खोलीबाहेर गेला की काम गळपटायचं. विचारून चालणाऱ्याच्या क्लबातली पोरं तो बाहेर गेला तरी करत राहायची. म्हणजे खोलीतलं बघून कळत नाही, खोलीबाहेर जाऊन कळतं.

तर परत आल्यावर पहिल्यांदा डोंगरावर गेले. चराची ओळ पुढं सरकली होती. सपाटी बरोबर, दोरी लावून बघितली मी. रुंदी ६० सेंटीमीटर, खोली ३० च्या जवळपास, माती खालच्या अंगाला आणि चराच्या कडेपासून सोडून, जसं शिकवलं तसं. पण वेळ बदललेली! सकाळ काढून टाकली आणि संध्याकाळी पाच नंतर लावलं, ऊन वाढल्यावर रात्री झोप उशिरा आणि सकाळी पाण्याच्या टँकरची रांग, म्हणून. सकाळची वेळ मीच ठरवली होती आणि माझ्या दृष्टीनं ती सोयीची होती, कारण माझी डेअरी नंतर असते. त्यांना ती कधीच सोयीची नव्हती, पण मी होते तोवर कुणी बोललं नाही. विचारणारी बाई असूनसुद्धा काही गोष्टी लोक तिच्यासमोर बोलत नाहीत, हे त्या आयोवाच्या पोरांत होतं का कोण जाणे.

वेळ संध्याकाळचीच ठेवली. डेअरीचं संध्याकाळचं मोजमाप ह्यांच्याकडं दिलंय, कुरकुरले थोडे, आत्या म्हणाल्या मी बसते त्याच्याबरोबर.

१ मे

ग्रामसभा. त्याआधी महिला सभा, कायद्यानं ग्रामसभेआधी घ्यावी लागते ती, एरवी कागदावरच होते, यंदा खरीच झाली. आमच्या सभेत चराचा हिशोब वाचला. एक मीटर चरात १८० लिटर पाणी मावतं, ०.६ गुणिले ०.३ गुणिले १, बीएस्सीवालीनं फळ्यावर करून दाखवलं. आणि एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर. हा आकडा ऐकून बायका गप्पच झाल्या, कारण टँकर दहा हजाराचा येतो आणि त्याच्यावर किती भांडणं होतात ते सगळ्यांनी बघितलंय.

ग्रामसभेत मात्र आबाच बोलले. मी मांडणी लिहून दिली होती, त्यांनी ती न बघता माझ्यापेक्षा भारी केली.

१८ मे

वळवाचे पाऊस रोजच यायला लागलेत आणि बातम्यांत मान्सून यंदा लवकर असं चाललंय. काम अर्धवट आहे, तिसऱ्या बांधाचा सांडवा राहिलाय, जुन्या माती नाला बांधाच्या सांडव्यात बाभळी माजल्यात. समितीची बैठक घेतली आणि एकच विषय: मोठा पाऊस आला तर सांगणार कोण.

चर्चा लांबली. आबा म्हणाले मी आहे ना. मग मी बोलले. म्हटलं आबा, तुम्ही सगळ्यांना बोलवाल, आणि त्या वेळी सगळ्यांना बोलवायचं नसतं, लांब ठेवायचं असतं. पावसात हुकूम फौजीकाकांचा. त्यांनी नको म्हटलं तर सरपंच वहिनींनी आणि मीसुद्धा ऐकायचं. ठरावाच्या वहीत लिहिलं, सह्या घेतल्या, आबांची पहिली. नाराज होते, पण सही ठसठशीत केली.

त्या चार खणांचा अर्थ आज मला लागला असं वाटतं. माणूस एका खणात बसत नाही, काम खण बदलत राहतं, आणि प्रत्येक वेळी आपणच उडी मारून दुसऱ्या खणात जायची गरज नाही, त्या खणातला माणूस गावात असतोच. फौजीकाकांना दोन महिने मी फावडी मोजायला ठेवलं होतं तेव्हा लोक म्हणायचे हवालदाराला स्टोअरकीपर केला. पण तेवढ्यात सगळ्यांना सवय झाली होती त्यांनी सांगितलं की फावडं जागेवर ठेवायची.

२६ मे

लिहायला हात बसत नाहीये पण लिहिते.

काल रविवारी जो पाऊस झाला तसा मे महिन्यात म्हाताऱ्यांनीही बघितलेला नाही. माणगंगेला मे मध्ये पूर! बारामती, फलटणकडं तर त्याहून वाईट चाललंय असं फोनवर कळत होतं. केरळात २४ ला मान्सून आला आणि आज मुंबईतही पोचला म्हणतात.

दुपारी फौजीकाकांनी फोन लावले, यादीतल्या ठरलेल्या माणसांनाच. नाल्याच्या पात्रात उतरलेला मेंढरांचा तळ आधी हलवला, धनगर वस्तीतले दोघे तयार नव्हते, "पाणी कुठं दिसतंय" म्हणत होते, काका फक्त एवढंच बोलले, "दिसल्यावर हलता येत नाही. उचला." उचलला. मग जुन्या बांधाच्या सांडव्यातली बाभूळ, कमरेला दोर बांधून दोघं जण, दोर धरायला सहा जण, कुऱ्हाडीचे घाव घालून मोकळी केली. अंधार पडायच्या आत सगळ्यांना वर काढलं आणि म्हणाले आता बांधावर कुणी चढायचं नाही, फुटला तर फुटू दे, बांध परत बांधता येतो. मंडळाचं एक पोरगं व्हिडिओ काढायला निघालं होतं, काकांनी मान नुसती हलवली आणि ते बसलं खाली. माझ्यानं हे झालं नसतं. मी सांगितलं असतं तर त्यानं आधी 'वहिनी फक्त एकच मिनिट' म्हटलं असतं आणि मी बहुतेक हो म्हटलं असतं.

मी रात्रभर शाळेत होते, खालच्या आळीतली घरं तिथं आणली होती. कोण आलं कोण नाही याची वही. आबा घरोघरी फिरून म्हाताऱ्यांना उठवून आणत होते, त्यांच्या शब्दाला घर सोडायला माणसं तयार होत होती, माझ्या किंवा काकांच्या झाली नसती.

बांध टिकला.

१ जून

वर जाऊन पाहणी. बहुतेक चर तुडुंब, गढूळ पाणी हळूहळू जिरतंय. दोन ठिकाणी चर फुटलाय. एक जागा मुरमाची होती, खोली कमी पडली, दुसऱ्या ठिकाणी वरच्या चराची ओळ खाली उतरलेली, तिथनं पाणी एका टोकाला धावलं आणि फुटलं. त्या ओळीचा वाटा कुणाचा हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी नाव घेतलं नाही, ती माणसं स्वतःच संध्याकाळी ए-फ्रेम मागायला आली. तिसऱ्या बांधाच्या सांडव्याला मोठे दगड घातले होते ते जागचे हलले नाहीत, डाळिंबात पाणी गेलं नाही, अक्कांचा पोरगा तरी तीन वेळा येऊन बघून गेला.

प्रश्नांची वही उघडून फेब्रुवारीपासून वाचली. सुरुवातीला कुठं, किती वाजता, चहा, फक्की. मार्चमध्ये वाटणीचे, हक्काचे. एप्रिलअखेर प्रश्न कमीच झालेत आणि निरोप वाढलेत. आणि एक जात अशी आहे जी माझ्याकडं पहिल्यापासून आजतागायत येतेच: दोन घरांत मिटवायचं असेल ते. ते आबांकडं जात नाही, काकांकडं तर नाहीच. म्हणजे लोकांनी माझी शैली माझ्या आधी ओळखली होती. ते काम मला जमतं आणि आवडतंही, यात लाजायचं काही नाही. पण लाल पेनातला तो एक प्रश्न तसाच आहे, ज्याची आई गटात नाही त्याचं काय.

१५ जून

पेरणीची गडबड. श्रमदान बंद. फळझाडांची रोपं आलीत, चराच्या मातीवर लावायची, शाळा सुरू झाली की मुलांना घेऊन.

२२ जून

विहिरींची पातळी मोजायला लागलोय, दर पंधरवड्याला, दोरीला गाठी मारून. पाणी चढलंय. आणि पाणी चढल्याबरोबर जे होतं ते सुरू झालं: वरच्या आळीत दोघांनी बोअरची गाडी सांगितलीय, खाली एकानं उसाचं बेणं बुक केलंय.

विलासराव साळुंखे यांची गोष्ट आमच्या ट्रेनिंगमध्ये कुणी काढली नव्हती, मी वाचली होती. पुण्याचे इंजिनिअर-उद्योजक, १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावला देवस्थानची पडीक जमीन भाड्यानं घेऊन आधी स्वतः पाणी अडवून दाखवलं आणि मग पाणी पंचायत. नियम कडक: पाणी जमिनीच्या मापात नाही, माणसांच्या मापात, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस नाही. हा नियम घरोघरी जाऊन, आईला सांगून, चुलीपुढं बसून झाला असता का? मला नाही वाटत. चुलीपुढं प्रत्येकाला थोडी थोडी सूट द्यावी लागते, तेच तर तिथलं बळ असतं. पाण्याच्या वाटणीत सूट दिली की ज्याच्याकडं मोटर मोठी त्याचं पाणी. विहीर नसलेली जी घरं आहेत, त्यातल्या निम्म्या बायका आमच्या गटात नाहीतच, त्यांच्या चुलीपर्यंत मी पोचतच नाही.

तेव्हा यावेळी मी कुणाकडं आधी जाणार नाहीये. माझ्यासाठी हे सोपं नाही, हात शिवशिवतात, काल डेअरीच्या रांगेत बोअरवाल्याची बायको समोरच होती आणि मी फॅटचा आकडा सांगून गप्प बसले.

२९ जून

बीएस्सीवाली आणि मी ठरावाचा मसुदा लिहिला: शेतीसाठी नवा बोअर नाही, रब्बीआधी पाण्याचा ताळेबंद फळ्यावर, पिण्याचं पाणी पहिलं, ऊस नवीन नाही. विहीर नसलेल्यांना काय मिळणार हे कलम अजून नीट बसत नाहीये, ती म्हणते माणशी माप, मी म्हणते आधी जुन्या बांधाचं पाणी सामाईक जाहीर करू, दोन्ही लिहून ठेवलंय.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिला सभा आहे. तिथं ठराव अक्का मांडणार. त्यांच्या पोराचं डाळिंब त्यात अडकतं हे त्यांना सांगितलं, म्हणाल्या "म्हाईत हाय." अनुमोदन विहीर नसलेल्या घरातली बाई देणार, तिनंच हात वर केला. महिला सभेत पास झाला तर ग्रामसभेत माईकवर मी, आबांना तसं सांगून झालंय, ते म्हणाले बोल, पण कागद बघून वाचू नको, लोकांकडं बघ. फौजीकाका म्हणाले मी पुढच्या रांगेत बसतो, कुणी गोंधळ घातला तर बघतो. त्यांना म्हटलं काका, यावेळी गोंधळ होऊ द्यायचाय.

विषयपत्रिकेत विषय घ्यायचा अर्ज ग्रामसेवक भाऊसाहेबांना उद्या सकाळी द्यायचा आहे. पोच घ्यायची.